न लढता मिळालेला मुलूख

जागा बळकावण्याच्या शास्त्रात आपला हात धरणारा कोणी नाही, असं धाकट्याचं ठाम मत होतं. असेना का! त्याला पगारच त्याचा मिळत होता. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. तिथे जुन्या काळातल्या राजांचा एक भलामोठा खेळ आकाराला येत होता. त्यात वस्ती कशी वसते, गाव कसं वाढतं, शीव हळूच पुढे कशी सरकते, याचे नियम करणं हे धाकट्याचं काम. तो धाकटा फक्त घरातल्या हिशोबाने. एरवी त्याचे केस पिकायला लागले होते.

अडचण एकच होती. खेळात जे राजे संगणक चालवायचा, त्यांना मुलूख वाढवायचा म्हणजे लढायचं, एवढंच ठाऊक होतं. लढाई बंद केली की ते आपापल्या राजधानीत स्वस्थ बसून राहायचे, जेवण वाढायची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखे.

मालक म्हणाले, "शुक्रवारी मला असा राजा दाखव, जो तलवारीला हात न लावता पसरतो. नाही जमलं तर वस्तीचा भाग काढून टाकू. नकाशा आधीच वाटलेला देऊ, आणि पुढचं काम लढाईवाल्याकडे."

खेळातल्या लढाया बनवणारा हा लढाईवाला शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याने तेव्हाच धाकट्याच्या टेबलाकडे असं पाहिलं, की जणू तिथे आपलं सामान मांडायला मापं घेतोय. धाकट्याने टेबलावरचे आपले कागद जवळ ओढले. वस्त्यांवर त्याने जीव ओतला होता. एकेक पाणवठा, एकेक पायवाट त्याने स्वतः आखली होती.

पण घरी पोचेपर्यंत त्याची छाती पुन्हा फुगली.

"त्यात काय!" तो बायकोला म्हणाला. "बोट दिलं की मनगट धरायचं, हा माणसाचा स्वभावच आहे. नियम आयते पडलेत. फक्त उचलायचे!"

"मग उचल की," बायको म्हणाली. "आणि उचलतोच आहेस तर पलंगावरचा ओला टॉवेलही उचल."

धाकट्याचं घर म्हणजे प्रयोगाला अगदी आयतं रान. एका छताखाली दादा, वहिनी, बाबा, धाकटा आणि त्याची बायको. मध्ये हॉल, मागे गॅलरी, दादाची खोली, बाबांची खोली, धाकट्याची खोली, आणि टोकाला धाकट्याची कामाची छोटी खोली. या छोट्या खोलीला खिडकी होती, शांतता होती, आणि मुख्य म्हणजे आतून कडी होती! धाकटा बहुतेक दिवस घरूनच, त्या कडीमागे बसून काम करायचा.

त्याने ठरवलं, घरातली मोकळी जागा आपण हळूच घ्यायची आणि बाकीचे काय करतात ते बघायचं. मात्र कोणाला काही सांगायचं नाही! त्याच्या धंद्यातला हा पहिला धडा होता. चाचणी चाललीय हे कळलं की माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात, आणि मग त्यांचा काही उपयोग राहत नाही.

सोमवारी त्याने हॉलमध्ये, बाबांच्या आरामखुर्चीपासून जरा अंतरावर, एक टीपॉय ठेवला. वर टेबललॅम्प. दिवसभर कोणी हटकलं नाही. धाकटा खूश झाला. पहिला नियम झाला: ठेवलं आणि हटकलं नाही, तर जागा आपली.

संध्याकाळी बघतो तर टीपॉयवर घड्या केलेल्या पडद्यांचा ढीग! वहिनी घरीच पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून द्यायच्या.

"वहिनी, हे इथे?"

"रिकामाच दिसला म्हणून ठेवले, भाऊजी. उचलू का?"

"छे छे, उचलू नका! राहू द्या! आणखी असतील तर तेही ठेवा!"

वहिनींनी त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. धाकटा मात्र टाळी वाजवत आपल्या खोलीत पळाला. एकाने वस्ती केली की दुसरा टेकायला येतो! दुसरा नियम!

मग गाडी उताराला लागली. लॅम्पचा उजेड आवडला म्हणून बाबांनी आपली आरामखुर्ची उचलून टीपॉयशेजारी आणली. खुर्चीची जागा रिकामी झाली म्हणून दादाने गॅलरीतली व्यायामाची सायकल तिथे आणली. दादाचं चष्म्याचं दुकान होतं, आणि पोट कमी करायची इच्छा होती. सायकल फक्त इच्छेपुरती होती. गॅलरी मोकळी झाली म्हणून धाकट्याच्या बायकोने तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड नेला. कोणी कोणाशी भांडलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. एक जण हलला की त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा! धाकट्याने हे सगळं खेळात घातलं, आणि काय सांगावं, संगणकाचा राजा खरंच हलला! ओढ्यापलीकडे त्याने बिनबोभाट एक झोपडी बांधली. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे थांबला असता तर बरं होतं. पण अंथरूण पाहून पाय पसरतो तो विस्तार कसला! बुधवारी धाकट्याने पुस्तकांचं एक उंच कपाट ओढत ओढत नेलं आणि दादाच्या खोलीच्या दाराशेजारी उभं केलं. सीमेवर दाब आला की शेजारी काय करतो, ते त्याला बघायचं होतं.

शेजाऱ्याने काही केलं नाही. वहिनींनी मात्र शिलाई मशीन बाहेर आणून बरोब्बर कपाटासमोर मांडलं आणि शिवायला सुरुवात केली. मशीनचा आवाज रोजच्यापेक्षा जरा जास्तच येत होता.

"वा!" धाकटा पुटपुटला. "समोर ठाणं बसवलं!"

दुपारी वहिनींनी धाकट्याच्या बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"अगं, तुम्हाला जागा कमी पडतेय का? पडत असेल तर सरळ सांगा. असं कपाटं ढकलून कशाला सांगता?"

"मला काय माहीत, वहिनी! मला वाटलं, तुम्हीच पडद्यांसाठी जागा करून घेताय!"

"मी? मी कशाला? टीपॉय काय मी मांडला?"

मग त्या दोघींच्याही तोंडून एकदमच निघालं, "म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे."

ते मनातलं काय, हे विचारायची जबाबदारी दादावर आली. दादा स्वभावाने थंड. त्याने दुकानातून येऊन हातपाय धुतले, छोट्या खोलीचं दार वाजवलं, आणि आत येऊन खिडकीशी उभा राहिला.

"धाकट्या," तो म्हणाला, "तुला वेगळं व्हायचंय का?"

आता कोणताही शहाणा भाऊ यावर काय म्हणेल? "छे, काहीतरीच काय!" म्हणेल. मोकळा होईल. पण धाकटा तीन दिवस त्या राजांमध्ये बुडालेला. त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. वस्ती फार भरली की तिच्यातून एक तुकडी फुटून नवीन गाव वसवते! एवढी मोठी गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती!

"दादा, थांब!" तो आनंदाने ओरडला. "थांब, हे मी आधी लिहून घेतो!"

दादा थांबला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. भावाला वेगळं होण्याचा आनंद लपवतासुद्धा येत नाही, हे त्याला फार लागलं. त्या रात्री घरात सगळे पोटभर जेवले, पण कोणी कोणाला आग्रह केला नाही.

गुरुवारी धाकट्याला ऑफिसात जावं लागलं. राजे झकास पसरत होते. एकाने तर शेजारचं गाव नुसतं पाणवठा वापरू देऊन आपलंसं केलं. लढाईवाला मागे उभा राहून बघत होता, आणि त्याचा चेहरा कारल्यासारखा झाला होता. धाकटा विजयी वीरासारखा घरी परतला.

दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थबकला. हॉलच्या मधोमध त्याचं टेबल होतं. टेबलावर त्याचा संगणक, मागे त्याची खुर्ची, बाजूला त्याचं पुस्तकांचं कपाट. भिंतीला त्याचे नकाशेसुद्धा लावलेले होते!

बाबा पुढे आले. मुलं लहान असताना खेळण्यांची वाटणी करताना लागायचा, तसाच आवाज त्यांनी लावला होता.

"हे बघ, कोणाचं मन दुखावून कोणी या घरातून जायचं नाही. तुला जागा हवी होती ना? घे. अख्खा हॉल तुझा. घरातली सगळ्यात मोठी जागा तुला दिली. तुझी ती कोपऱ्यातली खोली दादा-वहिनींना. झालं समाधान?"

"अहो बाबा, पण मला हॉल नकोय!"

"मग रोज एकेक फूट काय गंमत म्हणून घेत होतास?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. मग सगळ्यांना खाली बसवलं आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. टीपॉय, लॅम्प, कपाट, न लढणारे राजे, मालक, शुक्रवार. ऐकता ऐकता वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसायला लागल्या त्या थांबेचनात. बायको हसली नाही. तिने नुसतं "रात्री बोलू" असं म्हटलं.

दादा उठून जवळ आला.

"म्हणजे तुला वेगळं व्हायचं नव्हतं?"

"नाही रे दादा! तुला सोडून मी जाऊ कुठे?"

दादाने त्याला घट्ट मिठी मारली. धाकट्याचेही डोळे भरून आले. आपल्या मूर्खपणाने याला केवढं दुखावलं, असं वाटून त्याला खरोखर लाज वाटली. सगळं मळभ निघून गेलं. आता काहीही मागावं आणि दादाने द्यावं, अशी ती वेळ होती.

"मग दादा," धाकटा डोळे पुसत म्हणाला, "माझी खोली?"

"ती होय?" दादा मायेने म्हणाला. "अरे, तिथे आता हिचं मशीन लागलंय. माझी कॉटही मावली. काय वारं येतं रे त्या खिडकीतून! दुपारी दुकानातून आलो की तासभर पडायला काय जागा आहे! तू इतकी वर्षं बोलला नाहीस!"

"पण मला उद्या मालकांना दाखवायचंय..."

"दाखव की! हॉल केवढा आहे!"

शुक्रवारी दुपारी धाकटा हॉलच्या मधोमध बसला. संगणकाच्या पडद्यावर मालक होते. डावीकडे बाबा सायकलवर बसून पेपर वाचत होते, कारण आरामखुर्ची आता टेबल आणि नकाशांची भिंत यांच्यामध्ये अडकली होती. उजवीकडून बायको ओले कपडे घेऊन गॅलरीत गेली, आणि तशीच परत आली; तिथे आता टीपॉय आणि पडद्यांचा ढीग होता. दारावरची बेल वाजली तेव्हा धाकट्यालाच उठावं लागलं, कारण दार आता त्याच्या हद्दीत होतं.

पण राजे पसरले! रक्ताचा एकही थेंब न सांडता पसरले. मालक पुढे झुकून बघत राहिले.

"कमाल आहे," ते शेवटी म्हणाले. "वस्तीचा भाग राहणार. लढाईवाल्याला सांगतो मी. आता फक्त एक सांग. असा हसतखेळत गेलेला मुलूख खेळणाऱ्याला परत मिळवायचा झाला, तर त्याने काय करायचं?"

धाकट्याने टोकाच्या खोलीकडे पाहिलं. तिचं दार बंद होतं. आतून कडी होती, आणि कडीमागून दादाच्या घोरण्याचा संथ आवाज येत होता.

"भाऊजी, पाय वर घ्या," फरशी पुसत आलेल्या वहिनी म्हणाल्या.

"त्याची सोय ठेवलेली नाही," धाकटा मालकांना म्हणाला, आणि त्याने पाय वर घेतले.