तात्या आणि रेडीमेड

आमच्या तात्यांच्या तोंडी एकच शिवी आहे, ती म्हणजे 'रेडीमेड'. ऊसतोडीला उशीर करणारा मुकादम रेडीमेड, पाणी सोडायला विसरणारा पाटकरी रेडीमेड. माझ्या लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांनी प्लॅस्टिकच्या फुलांचा हार आणला, तेव्हा ते माझ्या कानाशी पुटपुटले, "माणसं रेडीमेड दिसत्यात. इचार कर."

तात्या म्हणजे माझे वडील. सणसरला आमचा ऊस आहे, पण त्यांचा जीव गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. तिथं ठिबकच्या फुटक्या नळ्या, सायकलच्या ट्यूबा, छत्रीच्या काड्या, खताची रिकामी पोती. माझं बालपण त्या खोलीत गेलं, आणि खरं सांगायचं तर रागात गेलं. मैत्रिणींच्या बाहुल्या बारामतीच्या दुकानातल्या. माझ्या बाहुलीचं अंग ट्यूबचं आणि केस आमच्या म्हशीच्या शेपटीचे. उन्हात ठेवली की वास यायचा.

काही बिघडलं की तात्या कडाडायचे. मीही ऐकून घेणारी नव्हते. शेवटी आई चुलीपासून ओरडायची, "दोगं बी रानात जाऊन भांडा!"

सातवीत असताना शाळेत प्रदर्शन होतं. आम्ही दोघांनी रहाट केला. मूठ फिरवली की चाकाला लावलेली औषधाच्या बाटल्यांची बुचं घमेल्यातलं पाणी उचलून वरच्या पन्हळीत ओतायची. बुचं चाकाला बांधायला त्यांच्या कडांना तापलेल्या तारेनं भोकं मी पाडली. तीन बोटं भाजली.

बाईंनी रहाट पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे वडिलांनी केलंय. नंबरात धरता येणार नाही." पहिला नंबर दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या किल्ल्याला मिळाला.

घरी येऊन मी रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या वर्गात हजर. मला वाटलं, आता बाईंना ती शिवी बसणार. पण तात्या सरळ टेबलाकडं गेले. त्यावरचा रहाट त्यांनी उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत पार सुटा केला. चाक एकीकडं, बुचं एकीकडं.

"जोड," मला म्हणाले.

सगळा वर्ग बघत होता. मला बाईंचा राग आला होताच, पण तात्यांचा जास्त. इतक्या दिवसांचं काम त्यांनी मला न विचारता मोडलं होतं! मी दात खाऊन जोडायला बसले. मधली सुट्टी झाली तरी उठले नाही. शेवटी मूठ फिरवली आणि पाणी वर चढलं.

बाईंनी नंबर बदलला नाही. माझी भाजलेली बोटं मात्र हातात घेऊन बघितली.

"चाक डाव्या अंगाला हालतंय," एवढं बोलून तात्या मोटारसायकलला किक मारून निघून गेले. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

आता मी बारामतीत असते. नोकरी तिथंच, संसार तिथंच. मागच्या महिन्यात न कळवता सणसरला गेले, तर पत्र्याच्या खोलीला कुलूप.

"तात्या, सध्या काय बनवताय?"

"काय न्हाय."

"का? डोळे दुखतात?"

"डोळं झकास हायती." मग उसाकडं तोंड फिरवून म्हणाले, "तुझी आई काय बी केलं तरी ब्येस हाय म्हणती. वाकडं केलं तरी ब्येस. एकट्याला राग बी येत न्हाय गं. आन् राग आल्याबिगर माझा हातच चालत न्हाय."

मी किल्ली मागून घेतली. खोली उघडली, एक पोतं ओढलं आणि म्हटलं, "मला भाजीला पिशवी पाहिजे." तात्यांनी खडूनं रेघ मारून दिली. ती रेघ सोडून मी चांगली वीतभर आत कापत गेले.

"अगं ए! एवढी रेघ दिसंना व्हय तुला?"

गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. तात्यांनी माझ्या हातातली कात्री हिसकावली आणि घराकडं तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? पोरगी आज ऱ्हातीय. हिनं पोतं नासलंय, दुसरं कापायला लागंल!"