फलाटावरचा पांढरा ठिपका

अश्विन गजभियेने आयुष्यात एकच पिक्चर हाय डेफिनिशनमध्ये विकत घेतला, आणि त्या पिक्चरने त्याच्या बापाला नाहीसं केलं. म्हणजे देवाजी घरातच आहेत. समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचतात, दोन वेळा जेवतात. पण नाहीसे झाले ते झालेच.

असो. असं काही झालेलं नाही. गजभियांच्या घरी जाऊन विचाराल तर टीव्ही नवीन आहे, चित्र छान येतं, आणि चहा ठेवू का, एवढंच उत्तर मिळेल. आपणही तसंच धरून चालू आणि अश्विन अजून हुशार होता तिथपासून सुरुवात करू.

अश्विन नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका स्कॅनिंग सेंटरमध्ये रिपोर्टच्या खिडकीवर बसायचा. साऱ्या विदर्भाचे मणके, गुडघे आणि मूत्रपिंडं दिवसभर त्याच्यासमोरच्या पडद्यावर लख्ख दिसायची. त्यामुळे स्पष्टपणा या विषयातलं सगळं आपल्याला कळतं असं त्याला वाटे. पंगतीत पाणी वाढणाऱ्याला जसं वाटतं की हे लग्न आपणच जुळवलं.

म्हणून सदर बाजारातल्या दुकानातून अर्धी खिडकी झाकणारा टीव्ही घरी आला तेव्हा त्याने जाहीर केलं, की कोणता पिक्चर एचडीत विकत घ्यायचा हे तत्त्वाने ठरेल.

"भुताचा घेऊ," मोनाली म्हणाली. ती त्याची बायको; तिला तत्त्वाची घाई नव्हती.

"भुताचा नाही. साफ दिसलं की भुताची पावडर गळ्याजवळ कुठं संपली ते दिसते."

"मारामारीचा?"

"दोरी दिसते."

"मंग लव्हस्टोरी घ्या."

"हिरोचं वय दिसते. कॉलेजात जाऊन राहिला, अन् कानात पांढरे केस."

"मंग एवढा मोठा टीव्ही काहून आणला तुम्ही? पापड वाळू घालाले?"

अश्विन याच प्रश्नाची वाट बघत होता. जे आजवर नीट दिसलं नाही आणि जे बघायची मनापासून इच्छा आहे, तेच स्पष्ट करून घ्यावं, हे त्याचं तत्त्व. त्या तत्त्वात बसणारा पिक्चर साऱ्या दुनियेत एकच होता. बाबांचा.

त्या पिक्चरला स्वतःचं नाव होतं, पण गल्लीत कोणी ते वापरत नसे. देवाजी तरुण असताना नागपूरच्या बाहेर एका लहानशा स्टेशनवर त्याचं शूटिंग झालं. गर्दीसाठी माणसं हवी होती, म्हणून ट्रक भरून पोरं नेली. हिरो गाडीतून उतरतो, आणि डावीकडे, लांब, फलाटाच्या टोकाला एक पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे देवाजी. नीट बघितलं तर ठिपका हात हलवतो.

या ठिपक्यावर गजभियांचं घर उभं होतं. अश्विनच्या आईला, सिंधूताईंना, एका मास्तरचंही स्थळ आलं होतं. मास्तर स्वतः आला, देवाजींकडून व्हिडिओ कॅसेट आली. सिंधूताईंच्या वडिलांनी ठिपका पाहिला आणि मास्तरला चहा पाजून परत पाठवलं. पुढे गल्लीतलं प्रत्येक पोर त्या ठिपक्याला टाटा करून मोठं झालं. पिक्चर टीव्हीवर लागला की देवाजी गाडीची शिटी ऐकून खुर्चीवरून उठत, केस विंचरत आणि तयार होऊन उभे राहत. ठिपका गेला की बसत.

आता तोच पिक्चर कंपनीने नव्याने धुऊनपुसून काढला होता. अश्विनने जेवताना हे सांगितलं, तसा देवाजींच्या हातातला घास हातातच राहिला.

"राहू दे ना गा," ते म्हणाले. "जुना आहे. वाघाचा घे. वाघ कसा साफ दिसला पायजे."

बाबांना लाज वाटतेय, असं अश्विनला वाटलं. त्याचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी देवाजी म्हणाले, नव्या टीव्हीने डोळे चुरचुरतात. मग म्हणाले, त्या पिक्चरचा शेवट चांगला नाही, लोकांना त्रास होईल. त्यानंतर रिमोट कूलरच्या टाकीत सापडला. अश्विनने तो तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवला आणि मोनालीला हळव्या आवाजात म्हणाला, "पाह्य, एवढा मोठा माणूस, पण गर्व नाही जरासा."

गर्व नसलेल्या माणसाचं कौतुक चारचौघांत करावं लागतं. अश्विनने रविवारी सकाळी गल्ली बोलावली. शेजारच्या प्रेमिलाबाईंनी आपल्या खुर्च्या दिल्या. कामठीहून यशवंतमामा आला. हा सिंधूताईंचा भाऊ. मास्तर त्याचा मित्र होता आणि ते तो अजून विसरला नव्हता. तर्री-पोह्यांच्या प्लेटा फिरल्या. अश्विनने सगळ्यांसमोर रिमोटचं बटण दाबून पिक्चर विकत घेतला. टाळ्या पडल्या.

चित्र खरोखर सुंदर होतं. हिरोच्या मिशीचा केस न् केस वेगळा दिसत होता. प्रेमिलाबाई तर म्हणाल्या, "माय वं, हिरोईनच्या नाकातला खडा खोटा आहे."

शिटी वाजली. देवाजी बसूनच राहिले.

"अहो, उठा ना," सिंधूताई म्हणाल्या. "आलं तुमचं."

सारी गल्ली बघत होती. देवाजी उठले. खिशातून कंगवा काढला, केस विंचरले आणि फाशीच्या कैद्याने फोटोला उभं राहावं तसे उभे राहिले.

गाडी थांबली. हिरो उतरला. डावीकडे, फलाटाच्या टोकाला, पाण्याचा माठ होता.

मोठा माठ. त्याला पांढरं ओलं फडकं गुंडाळलेलं, वर स्टीलचा पेला पालथा घातलेला. फडक्याचं एक टोक सुटून वाऱ्यावर हलत होतं. त्याच टोकाला ही गल्ली इतकी वर्षं टाटा करत आली होती. सवयीने आजही दोन पोरांनी केला.

यशवंतमामाने पोह्याचा चमचा शांतपणे चाटून घेतला आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही त लय थंडगार निघाले."

इथे अश्विनने टीव्ही बंद केला असता तरी चाललं असतं. पण त्याला बापाला वाचवायचं होतं.

"मागं असन ते," सिंधूताई म्हणाल्या. "माठाच्या मागं उभे असन. मोठं कर रे."

अश्विनने मोठं केलं. माठाच्या मागे भिंत होती. भिंतीला विटा होत्या. विटांमधला चुनाही दिसत होता. बाबा नव्हते. त्याने उजवीकडे नेलं: एक कुत्रं, त्याच्या कानामागची गोचीड. डावीकडे नेलं: वजनाचं मशीन. बाकड्याखाली बघितलं. तिथे बाबा असण्याचं कारण नव्हतं, पण बघितलं. जेवढं मोठं करावं तेवढी साफ भिंत.

"आपल्या सेंटरमध्ये पाठव," मामा म्हणाला. "रिपोर्ट घेऊ."

आता मात्र गल्ली हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं; पोहेही चांगले झाले होते. सिंधूताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या प्लेटा गोळा करायला घेतल्या आणि भरलेल्याही केल्या.

लोक गेल्यावर अश्विनच्या डोक्यात उजेड पडला. हा पिक्चर लागला तेव्हा देवाजी एकटेच थेटरात जाऊन आले होते. बाकी सगळ्यांनी तो घासलेल्या कॅसेटवर नाहीतर टीव्हीवर पाहिला. थेटरात पडदा मोठा. तिथे माठ हा माठच दिसला असणार.

म्हणजे एक तरुण पोरगा नवा शर्ट घालून स्वतःला बघायला गेला होता, आणि माठ बघून घरी आला होता. आणि घरच्यांनी दारातच विचारलं असणार, दिसला का रे?

संध्याकाळी देवाजी अंगणात पाणी मारत होते. अश्विन जवळ जाऊन उभा राहिला.

"मी होतो गा तिथं," देवाजी पाइपकडे बघत म्हणाले. "सकाळपासून होतो. त्या माठाजवळच उभं केलं होतं मले. त्यातलंच पाणी पेऊन राहिलो होतो."

"मंग?"

"कॅमेरा लावला. त्याच्या मागून एक जण वरडला, ए सफेद शर्ट, हट वहाँ से, मटका नहीं दिख रहा." त्यांनी पाइप कुंडीत टाकला. "मी हटलो."

स्कॅनिंग सेंटरमध्ये या दुखण्याचे रिपोर्ट येत नसत.

त्यानंतर गल्लीतली पोरं देवाजींना काय म्हणू लागली ते लिहीत नाही. तो शब्द गजभियांच्या घरात बंद आहे. उन्हाळा भर रंगात आहे, पण ओट्याजवळची पाण्याची तिवई रिकामी. सगळे फ्रिजचं पाणी पितात आणि बसलेल्या आवाजात एकमेकांशी जपून बोलतात. एकदा, भाजी चिरताना, तो मास्तर पुढे हेडमास्तर झाला का, असं सिंधूताईंनी भावाला फोनवर विचारलं. परवा मोनालीने चॅनेल बदलताना कुठल्याशा पिक्चरमध्ये गाडीची शिटी वाजली. देवाजींनी पेपरचं पान उलटलं.

अश्विनने कंपनीला फोन केला. विकत घेतलेला पिक्चर परत होत नाही, असं तिथल्या मुलीने सांगितलं. पैसे नको, पिक्चर खराब करून द्या, असं तो म्हणाला. तिने विचारलं, "सर, चित्र साफ नाही येऊन राहिलं का?" ती नागपूरचीच निघाली. "येऊन राहिलं," तो म्हणाला, "हाच त प्रॉब्लेम आहे." तिने लेखी कळवायला सांगितलं.

त्याने सेंटरच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत, लेखी कळवलं:

"प्रति, ग्राहक तक्रार निवारण विभाग. विषय: चित्रपटातील स्पष्टपणा कमी करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या चित्रपटातील रेल्वे स्थानकावर डाव्या बाजूस असलेली वस्तू आवश्यकतेपेक्षा जास्त दिसत आहे. सबब, सदर वस्तू पूर्वीइतकीच अस्पष्ट करून देण्यात यावी. तसे करणे तांत्रिक कारणास्तव शक्य नसल्यास, अर्जदाराचे वडील श्री. देवाजी गजभिये हे चित्रीकरणाच्या दिवशी सदर ठिकाणी पांढऱ्या शर्टात सकाळपासून हजर होते, हे विचारात घेऊन, त्यांना त्याच दिवशी, त्याच फलाटावर, सदर वस्तूच्या दोन हात पुढे उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."