तात्यांचा गाल

आमच्या माधवनगरच्या गल्लीत नवा शर्ट घालून तात्यांच्या शेजारी उभं राहू नये. बोलता बोलता ते तुमची बाही धरतात, स्वतःच्या गालावर घासतात आणि सगळ्यांदेखत निकाल देतात, "काथ्या हाय!" एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीला गाल लावला. म्हणाले, "अक्षता पडस्तवर निभंल. मग खाजवत बसतंय गडी."

तात्यांनी आयुष्यभर ड्रायव्हरकी केली. खाकी कॉलरने मान सोलून काढली, तेव्हापासून खरखरीत कापड म्हणजे त्यांचा वैरी. मेव्हण्याने म्हसवडच्या जत्रेतून हौसेने आणलेलं घोंगडं त्यांनी दारात पाय पुसायला टाकलं होतं. काकी गेल्यापासून घरात ते एकटेच. पांघरायला काकींनी शिवलेली गोधडी. आईने एकदा ती धुवायला मागितली, तर आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

असा हा माणूस ऐन बाळंतपणात आमच्या घरात नाक खुपसू लागला, आणि मला नको नको झालं.

माझी बायको सुप्रिया बाळंतपणाला इस्लामपूरला माहेरी जायची होती. बाळाने तेवढी उसंतच दिली नाही. त्यात बाळ यायच्या आधी त्याचं काही आणायचं नाही, हा आईचा दंडक. त्यामुळे मुलगी घरी आली तेव्हा घरात धड एक लंगोट नव्हता. मी दुकानातून तयार डायपर आणले. दोन-तीन दिवसांत पोरीची कातडी लालभडक झाली. पाणी लागलं तरी किंचाळायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं मऊ सुती कापड वापरा. उद्यापर्यंत उतरलं नाही तर दाखल करू." एवढासा जीव, त्याला सुया टोचणार!

मऊ सुती म्हणजे जुनं, धुऊन धुऊन विरलेलं. आईने कपाट उपसलं. सगळ्या साड्या इस्त्री न लागणाऱ्या, सिंथेटिक. सुप्रियाचे गाऊन तसलेच. गल्लीत विचारलं, तिथेही तीच गत. मी सांगलीला पळालो आणि नवी मलमल, फ्लॅनेल, हत्तींची चित्रं असलेले बटणांचे कापडी डायपर, दिसेल ते उचललं. दुपारच्या आत परत आलो, तर तात्या आमच्या ओट्यावर बसलेले.

"आन हिकडं." एकेक कापड गालावर गेलं. "ह्याला खळ हाय. ह्यो हत्ती आतनं मऊ, पर वरनं प्लास्टिक. वारं कुठनं लागायचं? आन ही मलमल दिवाळीपत्तुर धुतली तर मऊ हुईल."

आत पोरगी रडत होती. माझा तोल गेला. "तात्या, तुमचा गाल ठेवा बाजूला! तिथं पोरीची कातडी सोललीय. नुसती नावं ठेवताय, तुमच्याकडं आहे का काही?"

तात्या उठले, घरी गेले आणि आतून कडी लावली.

"म्हाताऱ्या माणसाला आसं बोलत्यात व्हय रं?" आई मलाच ओरडली.

दिवेलागणीला तात्या आले आणि त्यांनी आईच्या हातात एक गठ्ठा ठेवला. फिक्या जांभळ्या कापडाचे लंगोट. कापडावर सगळीकडे सुईच्या भोकांच्या बारीक ओळी.

"उकळून उन्हात वाळवल्यात. गाल लावून बगितलंय," एवढं म्हणून ते निघून गेले.

सकाळी आईने लंगोट सोडला तेव्हा आम्ही तिघं श्वास रोखून वाकलो. लाली बरीच उतरली होती. पाणी लागल्यावर पोरगी नुसती कुरकुरली. सुप्रियाला रडूच फुटलं. मी तसाच सांगायला तात्यांकडे धावलो.

दारात पाय पुसायला घोंगडं नव्हतं. थंडी चांगलीच होती. तात्या खाटेवर तेच घोंगडं हनुवटीपर्यंत ओढून पडले होते. गालावर लाल रेघोट्या उठल्या होत्या. उशाशी उसवलेल्या दोऱ्याचा गुंडा नीट गुंडाळून ठेवलेला.

"तात्या, काकींची गोधडी उसवली तुम्ही?"

"वरचा पदर तिच्या लुगड्याचा व्हता. तिनंच नेसून नेसून मऊ केल्याला." ते उठून बसले. "पोरगी निजली का?"

"निजली. बरं आहे तिला."

"मग झालं."

तात्यांनी तो गुंडा उचलला, गालाला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पोरीचं भागलं की तुकडं परत दे रं मला. फाटलं तरी चालत्याल."