अंत्या तिरोडकराची मोटार

अंत्या तिरोडकर कुठलीही वस्तू घ्यायची असली की आधी ती सोडून निघून जायचा. दुकानदारानं दहा म्हटले की हा पाच म्हणणार, छत्री काखोटीला मारणार आणि पाठ फिरवून चालू लागणार. "सात पावलं," तो मला सांगायचा. "आठवं टाकावंच लागत नाही. सातव्याला हाक येते."

घाटकोपरच्या बाजारात ती यायचीही. दुकानदार त्याला ओळखून होते. तो लांबून दिसला की दहाचे पंधरा करून ठेवायचे. अंत्याला वाटायचं आपण जग जिंकलं, दुकानदाराला वाटायचं गिऱ्हाईक असावं तर असं. दोघंही सुखी.

वांगी, पितळी बंब, स्वतःच्या वखारीसाठी लाकूड, सगळं याच रीतीनं. जावईसुद्धा. कुसुमच्या लग्नाची बोलणी करताना तो अंधेरीच्या व्याह्यांच्या माडीवरून असाच उठला. सातवं पाऊल जिन्यावर आलं आणि निसटलं. खाली पडलेल्या माणसाला हाक मारावीच लागते, मारली त्यांनी. लग्न जमलं. पुढं वर्षभर तो कंबर चोळत मला विचारायचा, "पण हाक आली की नाही?"

अशा माणसानं मोटार घ्यायचं ठरवलं. त्या काळी मोटारीला पैसे देऊन भागत नसे. नाव नोंदवायचं आणि म्हातारं व्हायचं. अंत्यानं नाव नोंदवलं ते रुबाबासाठी. कंपनीचं पत्र आलं तीन वर्षांनी, आणि तोवर मोटार ही गरज होऊन बसली होती. कुसुम पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण विहीणबाईंनी निरोप धाडला, "आमची सून आगगाडीचे धक्के खात जायची नाही. मोटार आणा, नाहीतर बाळंतपण इथंच."

"टॅक्सी कर की रे," मी म्हटलं.

"टॅक्सी? म्हणजे विहीणबाई दारात उभ्या राहून मीटर वाचणार! मी शब्द दिलाय. स्वतःची आणीन."

शब्द देऊन मोकळा झाला. आता उद्या अमावास्या, परवा कुसुमला आठवा लागणार, आणि आठव्यात बाईला घरातून हलवत नाहीत. म्हणजे आज मोटार, नाहीतर लेक अंधेरीतच. अंत्याची बायको कधीच गेलेली, घरात बाईमाणूस नाही. तरी यानं शेजारच्या मावशींकडून डिंकाचे लाडू शिकून घेतले होते. एक मी खाल्ला. दात शाबूत राहिला ही देवाची कृपा.

लढाईत मी लॉऱ्या हाकल्या होत्या, म्हणून जाणकार म्हणून मला फोर्टात बरोबर नेलं. जाणकारानं तोंड उघडायचं नाही, अशी अट होती.

शोरूमची फरशी इतकी गुळगुळीत की अंत्यानं चपला काढूनच आत पाऊल टाकलं. टेबलाशी एक टायवाला साहेब बसला होता. गाडीची किंमत आधी ठरलेली, ती अंत्यानं कोटाच्या आतल्या खिशात शिवून आणली होती. साहेबानं एक कागद पुढं सरकवला.

"हे वरचे."

"वरचे म्हणजे?"

"डिलिव्हरी चार्ज. हँडलिंग. पॉलिश. सीट कव्हर आणि रबरी चटया, त्या सगळ्यांना घ्याव्याच लागतात."

"गाडी तुमच्या दारात, न्यायला आलो मी, आणि डिलिव्हरीचे पैसे मीच देऊ?"

"रूल आहे."

"बरं, हे हँडलिंग काय असतं?"

"गाडी हाताळावी लागते."

"न हाताळलेली द्या!"

साहेबानं चष्मा काढला. "अहो, ही काय भाजीमंडई आहे?"

"मंडईत निदान कोथिंबीर फुकट घालतात," अंत्या म्हणाला. "वरचे निम्मे देतो" असं बजावून त्यानं छत्री काखेत मारली आणि निघाला.

मी पावलं मोजत होतो. पाच. सहा. सात. साहेब पेन्सिलीला टोक काढत होता. आठ. नऊ. दारातून बाहेर. साहेबानं शांतपणे पुढचं नाव पुकारलं. पुण्याचे एक गृहस्थ टुणकन उठले आणि साहेबासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. त्यांची पाळी चार महिन्यांनी होती, पण कुणीतरी चिडून निघून जाईल या आशेवर ते रोज येऊन बसत म्हणे.

"साहेब, त्याला एक हाक मारा हो," मी म्हटलं. "हाकेला चार्ज नाही ना?"

"आम्ही कुणाला हाका मारत नाही," साहेब म्हणाला. खरंच होतं. बाहेर तीन वर्षांची रांग असताना कोण मारील?

काचेतून मला अंत्या दिसत होता. समोरच्या फुटपाथवर उन्हात उभा, पाठ आमच्याकडं, मान ताठ. आयुष्यात इतकी पावलं त्याला कुणी टाकू दिली नव्हती. मी उठणार, तेवढ्यात तो वळला, रस्ता ओलांडून आत आला आणि पुणेकरांना म्हणाला, "उठा. माझी मुलगी वाट बघत्येय." खिशाची शिवण दातांनी तोडली आणि सगळे भरले. वरचेसुद्धा. शब्द नाही काढला.

म्हणजे पावती हातात पडेपर्यंत नाही काढला. मग म्हणाला, "हँडलिंगचे भरलेत. हाताळा. मी बघतो." फडकं घेऊन एका माणसानं अख्खी गाडी पुसली तेव्हा कुठं आम्ही निघालो.

अंधेरीला विहीणबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. नावं ठेवायला काही सापडेना, तेव्हा रंग जरा काळाच आहे म्हणाल्या. कुसुम मागं बसली, दोन्ही बाजूंना उशा, चाकावर मी, आणि आम्ही घाटकोपरची वाट धरली.

साकीनाक्यापुढं रस्ता उखडलेला. दुरुस्तीची खडी नुसती पसरून ठेवलेली. पहिला धक्का बसला, कुसुम "आई गं" म्हणाली, आणि अंत्या ओरडला, "थांब!"

तो उतरला. मला वाटलं रस्त्याशी घासाघीस करतोय की काय. तर हा गाडीच्या पुढं चालू लागला. छत्रीच्या टोकानं खडे बाजूला सारायचा, खड्डा आला की हात वर करायचा, मग बोटानं दाखवायचा, इकडून घे. मागून एका लॉरीनं भोंगा वाजवला. तिच्या ड्रायव्हरला त्यानं मालवणीत अशी काही उत्तरं दिली की मी कुसुमसमोर खोकत बसलो.

"काका, नवी गाडी घेऊन बाबा चालतायत काय?" कुसुम हसत म्हणाली.

आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. दुसऱ्या खेपेला अडलेल्या तिच्या आईला अंत्यानं बैलगाडीतून याच रस्त्यानं इस्पितळात नेलं होतं. लवकर पोचायचं म्हणून गाडीवानाला बैल पळवायला यानंच सांगितलं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि परत विचारू नको म्हणाला.

पुढं एक मोठा दगड आला. छत्रीनं हलेना. अंत्या वाकला, दोन्ही हातांनी तो कडेला लोटला, नव्या धोतराला हात पुसले आणि मला खूण केली, ये, सावकाश.

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली.