शेवटच्याला गरम भाकरी

सुमनअक्का भाकरी थापता थापता रस्त्यावरची फटफटी आवाजावरून ओळखायच्या. नुसती गाडी नव्हे; चालवणारा कोण, कितव्या गिअरमध्ये आहे आणि दुपारी पोटभर जेवलाय की नाही, हेसुद्धा. "दिन्या शे. वळणवर ब्रेक दाबा नही त्यानी," असं म्हणत त्या तव्यावर भाकरी टाकत, आणि ती पलटेपर्यंत दिन्या दारात! मी बढाई मारत नाही. मारायची असती तर अक्कांना टायरमधली हवाही ऐकू यायची असं सांगितलं असतं.

नव्वदच्या आगेमागे सिल्वासात कारखाने पावसाळी भूछत्रांसारखे उगवले आणि धुळे-जळगावकडची पोरं सूत गुंडाळणाऱ्या यंत्रांवर कामाला आली. अक्का शिरपूरकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी सिल्वासाला लागून असलेल्या सामरवरणीत या पोरांसाठी खाणावळ काढली. मी समोरच्या इमारतीत राहायचो. इंजिनिअर म्हणून अक्का मला 'सायेब' म्हणत आणि काटेकोरपणे 'तुम्ही' म्हणत.

पोरांनी पहिल्या पगारांतून जुन्या मोटारसायकली घेतल्या आणि आमच्या रस्त्याची रणभूमी झाली. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकापासून खाणावळीपर्यंत शर्यत! धूळ अशी उडायची की शेजारच्या डोकमर्डी गावातल्या बायका वाळत घातलेले कपडे दुसऱ्यांदा धुवायच्या. आमच्या कोपऱ्यावरचा कुत्रा रस्ता ओलांडण्याआधी दोन्ही बाजूंना बघायला शिकला. पोलिसांनी शिट्ट्या फुंकल्या. पोरांना वाटलं, प्रोत्साहन देताहेत.

शेवटी अक्का स्वतः हातात उलथनं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहू लागल्या. उंची जेमतेम, पण चार मोटारसायकली करकचून थांबायच्या. "तुले कशानी घाई शे रे? यमनी गाडी सुटी जाई ऱ्हायनी का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पोरं हसत, कान पकडत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एके संध्याकाळी वळणावर मोळी घेऊन चाललेल्या एका म्हातारीला चुकवताना दिन्या गाडीसकट नाल्यात गेला. म्हातारी वाचली. दिन्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पट्टी बांधून परतलेल्या दिन्यासमोर अक्का उभ्या राहिल्या. या वेळी आवाज चढला नव्हता.

"खरं सांग. कशानी घाई व्हती?"

दिन्या खाली बघत म्हणाला, "अक्का, पयले येस त्याले तव्यावरनी गरम भाकर भेटस ना. मांगेन येस त्याले टोपलीमातली गार."

अक्कांच्या हातातलं उलथनं खाली आलं. आपल्या कळण्याच्या भाकरीपायी, ज्वारी-उडदाच्या एका गोल तुकड्यापायी, पोरं जीव टांगून येत होती! दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी कायदा जाहीर केला, "आजपाईन जो शेवटला यी, त्यालेच तव्यावरनी गरम भाकर. आनि तो मनासंगे बठीसन जेवी."

झालं! त्या संध्याकाळपासून सिल्वासाने जगात कोणी पाहिली नसेल अशी शर्यत पाहिली. कोणालाच पुढे जायचं नव्हतं. गाड्या गोगलगायीला लाजवत निघाल्या, पोरं पाय जमिनीला टेकवून "तू जाय पुढे," "नही भो, तूच जाय," करू लागली. एकाने तर घसरत घसरत गाडी मागे नेली. पाठीमागे वापीची बस अडकली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अल्या, वरघोडो छे के शुं?" वरातच होती ती. फक्त नवरदेव सगळ्यात मागे होता.

मला वाटायचं, हे सगळं गरम भाकरीसाठी. एकदा डोकावून पाहिलं तर शेवटी आलेला पोरगा अक्कांच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसला होता. त्या त्याला त्याच्या आईचा गुडघा, बहिणीचं लग्न, गावची विहीर, सगळं विचारत होत्या. त्याची भाकरी केव्हाच गार झाली होती.

दिवाळीत पोरं गावी गेली. रस्ता मुकाट झाला. मी जेवून पान खायला स्कूटरवर निघालो, तर अक्का दारात उभ्या. मान रस्त्याकडे कललेली, हाताला पीठ.

"अक्का, कोणाची वाट बघताय? खाणावळ बंद ना?"

"कोनीच नही, सायेब. तवा तापाडी ठेवा मी उगीच."

मी पुढे गेलो. कोपऱ्यावर स्कूटर वळवली. पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला टेकवत, त्यांना नीट ऐकू येईल असा निवांत परत आलो. गाडी लावून आत पाहिलं तर दोन ताटं मांडलेली होती आणि तव्यावर भाकरी फुगत होती.

"उशीर करा रे तू," अक्का म्हणाल्या. "बठ."

मी गळ्यापर्यंत जेवलेला होतो. दोन भाकरी खाल्ल्या, आणि माझ्या आईच्या दम्याबद्दल सगळं सांगितलं.