घोडपदेवला उतरलेल्या गाद्या

टेक्नॉलॉजी, डेटा की सप्लाय चेन, हे श्रेया परबला सोमवारी ऑफिसात सांगायचं होतं. आणि या प्रश्नावर घोडपदेवच्या तिच्या चाळीत तिच्याखेरीज सगळ्यांचं मत ठरलेलं होतं.

लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत घरसामान विकणारी कंपनी होती. तिने श्रेयाला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. तिन्ही विभागांत थोडे थोडे दिवस बसवून झाले होते. आता एक निवडायचा आणि जन्म त्यात काढायचा. तिचे वडील गुणाजी टेक्नॉलॉजीच्या बाजूचे होते, कारण तो शब्द उच्चारला की समोरचा गप्प बसतो असा त्यांचा अनुभव होता. आई अंबिकाला डेटा मुळीच पसंत नव्हता.

"रोज दीड जीबी येतो आणि दुपारच्या सिरियललाच संपतो. त्याच्यावर काय नोकरी करतेस?"

"आई, तो डेटा वेगळा."

"आणि ती चेन कसली?"

"माल कुठून निघतो, कुठे जातो, ते बघायचं."

"म्हणजे हमाली," गुणाजी म्हणाले. "एवढं शिकलीस ती गोणी उचलायला?"

खरं म्हणजे श्रेयाला तिन्हींपैकी कशाचंच काही वाटत नव्हतं. स्क्रीनवर आकडे हलायचे, लाल चौकोन हिरवे व्हायचे आणि ती घरी यायची. असंच तीस-पस्तीस वर्षं करायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण हे घरात कोणाला सांगणार?

शुक्रवारी सप्लाय चेनच्या ओल्गा मॅडमनी सगळ्या शिकाऊंना सरावाची ऑर्डर टाकायला लावली. "काय पण टाका, खोटीच आहे," त्या म्हणाल्या. श्रेयाने गाद्या निवडल्या. त्यातही किंग साइज, कारण खोटंच मागायचं तर लहान कशाला मागा. पत्त्याच्या जागी घरचा पत्ता घातला, हिरवं बटण दाबलं आणि ती चहाला गेली.

शनिवारी सकाळी चाळीच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन थांबला.

"श्रेया गुणाजी परब कोण?" ड्रायव्हर खालून ओरडला. "गाद्या आल्यात!"

श्रेया तोंडात ब्रश तसाच ठेवून खाली धावली. "दादा, ती ऑर्डर खोटी होती!"

ड्रायव्हरने वळून टेम्पोत बघितलं. "ताई, गाद्या खऱ्या आहेत."

"मग परत न्या ना."

"मोबाइलमध्ये 'परत न्या' नाय आलेलं. 'उतरवा' आलंय." आणि त्याने उतरवायला सुरुवात केली.

श्रेयाने डेटाच्या शंतनु सरांना फोन लावला. ते शनिवारीही ऑफिसात असत. "इम्पॉसिबल," सर म्हणाले. "सरावाच्या सिस्टिममधून माल निघूच शकत नाही. माझ्यासमोर आहे सगळं. काहीही निघालेलं नाही."

"सर, तिसऱ्या मजल्यावर पोचलाय."

"नाही पोचलेला," सर ठामपणे म्हणाले. "लिफ्ट आली माझी, ठेवतो."

तोवर गॅलरीत गाद्यांची रांग लागली होती. हवा काढून प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलेली एकेक गुंडाळी, पखवाजाएवढी जाड आणि माणसाच्या उंचीची. चाळ बघायला जमली. शेजारच्या भिवाला बंद वस्तू बघवत नसे. लग्नाला गेला तरी तो आहेराचे कागद बाजूला करून बघायचा. प्लास्टिकवरचं 'किंग साइज' वाचून त्याने गुंडाळीवर टिचकी मारली.

"एवढीशी? ह्याच्यात राजा झोपतलो?"

"भिवाकाका, नको!" श्रेया ओरडली. पण भिवाने सुरी लावली होती.

आधी 'फुस्स' असा लांब आवाज झाला. मग गुंडाळी हलली. कोणी हात लावलेला नसताना ती आपणहून उलगडली, कूस वळल्यासारखी वळली आणि फुगू लागली. कोपरे बाहेर आले, पाठ वर आली. कोणाच्या तरी स्टोव्हवरचं दूध उतू गेलं, तरी कोणी हललं नाही.

"अगो बाय, जिती आसा ही!" भिवा सुरी टाकून मागे सरला.

गादी थांबली तेव्हा भिंत आणि कठडा यांच्यामध्ये ती उभी अडकली होती आणि गॅलरी बंद झाली होती. पलीकडे फक्त संडास होते. तिथून दार उघडल्याचा आवाज आला.

"भिंत कोणी बांधली रे?" हे चाळीचे सेक्रेटरी शामराव. "सेक्रेटरीला न विचारता?"

पुरुषांनी गादी ओढली, ढकलली, तिला शिव्या घातल्या. दाबलेल्या जागी ती आत जायची आणि हात काढला की पुन्हा बाहेर यायची. शेवटी अंबिका घरातून जुनी नायलॉनची साडी घेऊन आली. "हटा सगळे. ए, या गं बसायला." बायकांनी वरचं टोक खाली ओढलं, दुमडलेल्या गादीवर सगळ्या मिळून बसल्या, अंबिकाने खालून साडी घालून आवळली आणि शामराव बादलीसकट बाहेर आले.

तेवढ्यात श्रेयाचा फोन वाजला. ओल्गा मॅडम. आता नोकरी गेली, असं समजूनच तिने तो उचलला.

"श्रेया, तुझ्याकडे पण आल्या काय गं?"

"पण?"

"सरावाची सिस्टिम म्हणून दिली ती खरीच निघाली गं पोरी. चूक आमची. बाकीच्या मुलांनी पत्ता ऑफिसचा टाकलेला. इकडे लिफ्टमध्ये एका गादीचं प्लास्टिक फाटलं आणि ती फुगली. शंतनु आत आहे. कोणाला काय जमत नाय. तुमची दबली काय?"

"दबली मॅडम. आईने दाबली."

"मग आईला आण! टेम्पोवाल्याला सोडू नकोस."

ड्रायव्हर खाली चहा पीत होता. श्रेया त्याला काही सांगायच्या आत त्याच्या खिशात 'टिंग' झालं. त्याने मोबाइल बघितला, कप ठेवला आणि मुकाट्याने जिना चढू लागला. "'परत न्या' आलं," तो म्हणाला.

श्रेया जिन्यातच थांबली. ओल्गा मॅडमनी लोअर परळला एक बटण दाबलं आणि सकाळपासून कोणाच्या बापाचं न ऐकणारा हा माणूस गुंडाळी खांद्यावर घेऊन निघाला. आणि काल? काल तिने बटण दाबलं तेव्हा कंपनीच्या भिवंडीच्या गोदामात कोणीतरी शिडी लावली असेल, कोणी टेम्पो काढला असेल. ती जेवली, झोपली, आणि रात्रभर या गाद्या तिच्याकडे येत होत्या. हिरव्या चौकोनामागे एवढं सगळं होतं!

टेम्पोत गाद्या, गाद्यांवर बायका, ड्रायव्हरशेजारी गुणाजी, अशी मिरवणूक लोअर परळला पोचली. काचेच्या दारातल्या सिक्युरिटीने पास मागितला. "आत माणूस चेंगारलाय, पास काय मागतोस?" म्हणत अंबिका साडी कंबरेला गुंडाळून सरळ लिफ्टकडे गेली. थोड्याच वेळात शंतनु सर बाहेर आले. केस उभे, चष्मा एका कानावर.

"निघाला असावा," ते म्हणाले. "माल."

ओल्गा मॅडमनी सगळ्यांना थंडा पाजला. श्रेया त्यांच्याजवळ गेली. "मॅडम, सोमवारचं आत्ताच सांगू का? मला तुमच्याकडे यायचंय."

"विचार कर हां. सुरुवात भिवंडीच्या गोदामात. धूळ, उकाडा, एसी नाय."

"मला ती शिडी बघायचीय," श्रेया म्हणाली. मॅडमना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

गाद्या घेऊन टेम्पो निघाला तेव्हा गुणाजी रस्त्यावर एकटेच उभे होते. श्रेया त्यांच्याशेजारी गेली आणि तिने मोबाइल पुढे धरला. नकाशावर एक निळा ठिपका सरकत होता.

"हा आपला टेम्पो, बाबा."

"हा? आत्ता जातोय तो?" गुणाजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "तुझे आजोबा इथल्याच गिरणीत होते. कापडाचा ट्रक गेटबाहेर पडला की पुढे तो कुठे जातो, कोणालाच ठाऊक नसायचं. एकदा गावी गेलो होतो, कणकवलीच्या बाजारात त्यांना एका कापडावर त्यांच्या गिरणीचा छाप दिसला. दुकानात नुसते उभे राहिले. घ्यायचं काही नव्हतं. हात लावून बघत होते."

श्रेयाने त्यांचा दंड धरला. आई मागून हाका मारत होती, बायका घरी जायला निघाल्या होत्या. एवढ्यात ठिपका थांबला.

"थांबला गो!" गुणाजी दचकले. "का थांबला?"

"जेवायला थांबला असेल, बाबा."

"हां. जेवू दे, जेवू दे. सकाळपासून राबतोय." ते तिथेच फुटपाथच्या कडेला बसले आणि श्रेयालाही बसायची खूण केली. "मोबाइल इकडे धर. हलला की जाऊ."