दूरच्या केंद्राचं कार्ड

शनिवारी सकाळी ओस्मोनं घराचा मेन स्विच पाडला, तो बायकोला न विचारता. (विचारलं असतं तर ही गोष्ट घडली नसती आणि त्याची अब्रूही शाबूत राहिली असती.)

माणूस तसा गरीब. वेड एकच: फिनलंडमध्ये बसून तळहाताएवढ्या रेडिओवर समुद्रापलीकडची बारीकसारीक केंद्रं पकडायची. तासाच्या ठोक्याला निवेदक केंद्राचं नाव सांगतो, तेवढं रेकॉर्ड करून त्या केंद्राला पाठवायचं. त्यांना पटलं की ते पोचपावतीचं कार्ड धाडतात. अशी चारशे कार्डं ओस्मोच्या भिंतीवर होती, फक्त अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका गावाचं नव्हतं. ते रेडिओ-क्लबातल्या पेंटीकडे होतं, आणि पेंटी ते खिशात घालून कॉफीला यायचा. ओस्मोच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तीन हिवाळे झाले, ठोका जवळ आला आणि रेकॉर्डर चालू केला की खरखर. फ्रीज, चार्जर, खिडकीतले दिवे, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. त्याची बायको हेल्का या रेडिओला सवतच म्हणायची. त्या दिवशी तिच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस, आणि राय नावाच्या धान्याच्या पारीत भात भरलेल्या दोनशे पिराक्का भाजायच्या होत्या. ओस्मोनं ठरवलं, शत्रू म्हणजे हा ओव्हनच.

स्विच पाडला. खरखर तशीच. मग शेजाऱ्याच्या हीट पंपाचा उद्धार करत, रेडिओ आणि त्याला रबरबँडनं बांधलेला रेकॉर्डर घेऊन तो गोठलेल्या तळ्यावर तरातरा निघाला. स्विच पाडलेलाच राहिला.

तळ्याच्या मधोमध ना तार ना दिवा, तरी खरखर. संतापून रेडिओ बर्फावर आपटायला त्यानं हात उगारला, तोच रबरबँड तुटला, रेकॉर्डर गळ्यातल्या दोरीला लोंबकळला आणि खरखर बंद झाली. तीन वर्षं जो रेकॉर्डर खरखर टिपत होता, तोच ती करत होता. ओस्मोला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण दहाला एक मिनिट कमी होतं आणि मिनेसोटाचं हवामान आरशासारखं स्वच्छ ऐकू येत होतं.

तेवढ्यात हेल्का मागून आली, हातात कच्च्या पिराक्कांचा ट्रे.

"हेल्का, हळू. आता नाव सांगतील," ओस्मो ओठांवर बोट ठेवून म्हणाला.

झालं. बोट दिसलं आणि तिचा बांध फुटला.

"हळू? आई बाराला येतेय आणि घरात दोनशे कच्चे गोळे पडलेत. तुला सात समुद्रांपलीकडचं ऐकू येतं, आणि स्वयंपाकघरातनं मी घसा फोडला ते नाही? तीस वर्षं मी या घरात बोलतेय, ओस्मो. मला कधी पोच दिलीस?"

त्यानंतर तिनं त्याचा क्लब, त्याचं घराणं आणि त्याची बुद्धी यांचा एका दमात समाचार घेतला. ती थांबली तेव्हा केंद्रावर गाणं लागलं होतं.

ओस्मोनं तरी ते रेकॉर्डिंग पाठवलंच. कान देऊन ऐकलंत तर तुमच्या केंद्राचं नाव ऐकू येतं, असं सोबत लिहिलं. दोन महिन्यांनी जाड पाकीट आलं. ते त्यानं मुद्दाम क्लबात, पेंटीच्या नाकासमोर फोडलं. आत कार्ड होतं. पेंटीचा चेहरा उतरला. मग पेंटीनंच सोबतची चिठ्ठी उचलून सगळ्यांना वाचून दाखवली.

"रेकॉर्डिंगमध्ये आमचं केंद्र कुठंच ऐकू येत नाही. पण आमचं अर्धं गाव फिनलंडहून आलेलं आहे, त्यामुळे बाईंचा शब्द न् शब्द कळला. गावातल्या बायकांच्या आग्रहावरून आम्ही ते बोलणं केंद्रावरून दोनदा ऐकवलं. सोबतचं कार्ड हेल्काबाईंना द्यावं."